मोडेम किंचाळतो तेव्हा काय बोलतो?

अमेरिकेतल्या एओएल कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून नंबर फिरवून लावायची, इंटरनेट सेवा बंद केली. ही बातमी मी अकरावीच्या वर्गात सांगितली, तर डायल-अप म्हणजे काय हे एकाही पोराला सांगता आलं नाही. त्यात त्यांची काही चूक नाही. ती जन्मली तोवर त्यासाठी लागणारं मोडेम नावाचं यंत्र बहुतेक घरांत माळ्यावर गेलेलं होतं. मला मात्र त्याच सुमारास मोडेमची खरोखर गरज पडली, आणि लातूरच्या आमच्या घरी मी दोन मोडेम टेबलावर मांडून बसलो होतो.

झालं असं, की आमच्या भागात रस्ता रुंद करताना खोदाईच्या मशीनने ऑप्टिकल फायबर तोडली. दोन दिवस ब्रॉडबँड बंद. मोबाइलचं नेट आहे की, म्हणून फोन काढला तर रेंज फुल्ल आणि नेट शून्य. इथे बहुतेकांची गल्लत होते. फोनवरच्या त्या दांड्या फक्त फोन आणि टॉवर यांच्यातली रेडिओलहर किती जोरकस आहे ते सांगतात. टॉवरच्या पुढे डेटा जातो तो बहुधा जमिनीखालच्या फायबरमधूनच, आणि ती फायबर अनेकदा त्याच चरात टाकलेली असते. घरात कनेक्शनं दोन असली तरी चर एकच असेल, तर मशीनचा दात एकदा लागला की दोन्ही गेली. ‘हंड्रेड पर्सेंट बॅकअप’ म्हणून जे विकलं जातं, त्याच्याबद्दल विकणाऱ्याला एवढाच प्रश्न विचारावा: तुमची तार कुठून जाते?

आमच्याकडे तिसरी तार होती. लँडलाइनची, तांब्याची, दोन पदरी. माझ्या मेहुण्याचं मार्केट यार्डात आडतीचं दुकान आहे. तिथेही वीस-पंचवीस वर्षांचा तोच नंबर आहे, कारण तुरी-सोयाबीन घालणाऱ्या शेतकऱ्यांना तो पाठ आहे. दुकानातलं ब्रॉडबँड दुसऱ्या कंपनीचं, दुसऱ्या रस्त्याने आलेलं. म्हणून बेत असा केला, की माझ्या घरच्या मोडेमने दुकानातल्या मोडेमला फोन लावायचा, आणि माझा संगणक तांब्याच्या तारेवरून दुकानाच्या इंटरनेटवर पोचवायचा.

त्याआधी एक खात्री करून घ्यावी लागते. हल्ली पुष्कळ घरांत लँडलाइन म्हणून जो फोन असतो, त्याची वायर फायबरच्याच डबीत खोचलेली असते. ती फायबर तुटली की फोनही गेला. तपासायची सोपी रीत म्हणजे मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून साध्या वायरवाल्या फोनचा रिसीव्हर उचलायचा. टोन आला तर लाइन तांब्याची. कारण तांब्याच्या लाइनला वीज एक्स्चेंजमधून येते, तिथल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवरून. भारनियमनात गावभर अंधार असतानाही घरातला फोन चालायचा, तो यामुळेच. यूएसबीवर चालणारा मोडेम लॅपटॉपला लावला, तर घरची वीज नसतानाही सगळं चालतं.

मोडेमने नंबर लावण्याआधीच पहिली अडचण आली. ‘डायल टोन नाही’ असं सांगून तो थांबायचा. टोन तर मला कानाने ऐकू येत होता! अमेरिकेतला डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ या दोन सुरांचा असतो. आपला ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने थरथरणारा. परदेशी सवयीच्या मोडेमला तो ओळखू येत नाही. त्याला ‘एटीएक्स३’ अशी आज्ञा दिली, की टोनची वाट न बघता तो थेट नंबर फिरवतो. ‘एटी’ने सुरू होणाऱ्या या आज्ञा १९८१ सालच्या हेज स्मार्टमोडेमपासून चालत आल्या आहेत. दुकानातल्या मोडेमला एका घंटेत आपोआप उचलायला सांगितलं, आणि मी घरून फोन लावला. मेहुणा दुकानातून मोबाइलवर ओरडला, “दाजी, हे काय बोंबलायलंय ओ?”

ते बोंबलणं हाच या लेखाचा खरा विषय आहे. ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांना तो नुसता खरखराट वाटतो. खरं तर ते अर्ध्या मिनिटाचं अत्यंत शिस्तीचं संभाषण असतं.

आधी अडचण समजून घेऊ. टेलिफोनची लाइन माणसाच्या आवाजासाठी बेतलेली आहे. ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा ती धडपणे पोचवते. संगणकाचे शून्य आणि एक त्यातून तसेच ढकलता येत नाहीत, त्यांना सुरांचं रूप द्यावं लागतं. सुरांवर माहिती चढवणं म्हणजे मॉड्युलेशन, उतरवणं म्हणजे डिमॉड्युलेशन. या दोन शब्दांची तोंडं जोडून मोडेम झाला.

फोन उचलल्यावर दुकानातला मोडेम पहिल्यांदा २१०० हर्ट्झची सलग शिट्टी देतो. दर ४५० मिलिसेकंदांनी त्या शिट्टीची लाट उलटी होते, म्हणजे जिथे शिखर यायचं तिथे दरी येते. माणसाच्या कानाला हा फरक फारसा जाणवत नाही. तो निरोप आपल्यासाठी नसतोच, तो टेलिफोनच्या यंत्रणेसाठी असतो. लांबच्या कॉलवर आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू येऊ नये म्हणून यंत्रणेत प्रतिध्वनी मारणारी साधनं बसवलेली असतात. ती मोडेमच्या सुरांचीही काटछाट करतात. उलटणारी शिट्टी ऐकली की ती बाजूला होतात.

मग दोघे आपापली ओळख सांगतात, तीही फार सावकाश, सेकंदाला फक्त ३०० बिट या वेगाने. (एक बिट म्हणजे एक शून्य किंवा एक ‘एक’.) फोन लावणाऱ्याचा ९८० हर्ट्झ म्हणजे एक, ११८० हर्ट्झ म्हणजे शून्य. ही सगळ्यात जुनी, सगळ्यात अडाणी भाषा, म्हणून ती सगळ्यांना येते. ‘मला अमुक पद्धती येतात, तुला कोणत्या?’ एवढं त्यात ठरतं.

यानंतरचा भाग मला सगळ्यात आवडतो. मोडेम लाइन तपासतो. १५० पासून ३७५० हर्ट्झपर्यंत दर १५० हर्ट्झवर एक, असे २१ सूर तो एकदम वाजवतो. मधल्या चार जागा मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या असतात. पलीकडचा बघतो, की कोणता सूर किती दबून आला आणि मोकळ्या जागांत नसलेला आवाज किती उमटला. आमच्या घराकडच्या तारेला तीन ठिकाणी जोड आहेत, एक जोड पावसात ओला होतो. हे सगळं त्या एकवीस सुरांतून कळतं. वैद्याने नाडी बघावी तशी ही तपासणी, फक्त इथे प्रत्येक आकडा मोजलेला असतो.

आता माहिती चढवायची. लाटेच्या दोन गोष्टी बदलता येतात. एक तिची उंची, दुसरी तिची कला, म्हणजे ती आपल्या फेऱ्यात कुठून सुरू होते ते. उंची म्हणजे मध्यापासूनचं अंतर आणि कला म्हणजे दिशा, अशा या दोन गोष्टी कागदावर मांडल्या, की प्रत्येक शक्य लाट म्हणजे एक ठिपका. अगदी ठिपक्यांच्या रांगोळीसारखं. सोळा ठिपके असतील तर एक ठिपका निवडणं म्हणजे एकदम चार बिट सांगणं, कारण चार बिटांच्या जोड्या सोळाच होतात. सेकंदाला २४०० ठिपके पाठवले, की २४०० गुणिले ४, म्हणजे ९६०० बिट. १९८४ च्या व्ही.३२ या मोडेमच्या आंतरराष्ट्रीय मानकात हेच होतं. दहा वर्षांनी आलेल्या व्ही.३४ ने ही रांगोळी १६६४ ठिपक्यांपर्यंत नेली.

मग ठिपके आणखी का वाढवत नाहीत? कारण तारेवर खरखर असते. रांगोळीवरून वारा गेला की ठिपके पसरतात. ते लांब लांब असतील तर पसरूनही वेगळे ओळखू येतात, दाटीने घातले असतील तर एकमेकांत मिसळतात. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली याचं गणितच मांडलं: पट्ट्याची रुंदी, आणि संकेत खरखरीच्या किती पट आहे, या दोनच गोष्टींवर तारेची कमाल क्षमता ठरते. पट्टा ३१०० हर्ट्झचा आणि संकेत खरखरीच्या सुमारे ३००० पट धरला, तर लॉगरिदम घेऊन उत्तर येतं सेकंदाला साधारण ३६,००० बिट. व्ही.३४ चा शेवटचा वेग आहे ३३,६००. माणसाने निसर्गाच्या कुंपणाला जवळजवळ हात लावला!

डब्यावर तर ५६ के लिहिलेलं असतं, ते कसं? एक्स्चेंज तुमचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतं आणि प्रत्येक माप आठ बिटांत लिहितं. इंटरनेट देणाऱ्या कंपनीचं टोक थेट डिजिटल असेल, तर त्या बाजूला मोजण्यातली चूक शिरतच नाही, आणि आठातले सात बिट भरवशाने वापरता येतात. ८००० गुणिले ७, म्हणजे ५६,०००. माझ्या आणि मेहुण्याच्या बाजूला मात्र दोन्हीकडे तांबंच आहे. म्हणून आमचे दोन ‘५६ के’ मोडेम एकमेकांशी ३३,६०० च्या वर बोलूच शकत नाहीत. ओल्या जोडामुळे आमची जोडणी २६,४०० वर स्थिरावते.

शेवटचा जो लांब खरखराट, ती तालीम असते. दोन तारांवरून दोघेही एकाच वेळी बोलतात. आडात तोंड घालून ओरडत असतानाच तळातून कुणीतरी हळू बोललेलं ऐकायचं, तसं हे काम. आडातून घुमून येणारा आपला आवाज नेमका कसा असेल हे आधी ठाऊक असलं, तरच तो वजा करून तळातलं बोलणं उरतं. त्या खरखराटात मोडेम तेच शिकत असतो. तो आवाज खरखरीसारखा असण्यालाही कारण आहे. बिट मुद्दाम विस्कटून पाठवतात, म्हणजे सगळे सूर सारखे वापरले जातात आणि पट्ट्याचा एकही कोपरा वाया जात नाही. जोडणी झाल्यावर आवाज थांबतो असं पोरांना वाटतं. तो थांबत नाही, फक्त मोडेमचा स्पीकर बंद होतो.

हे कळलं, की मोबाइलच्या कॉलवर मोडेम का चालत नाही तेही उलगडतं. मोबाइलचा एएमआर कोडेक (आवाज आवळून पाठवण्याची पद्धत) आवाजाची लाट पाठवतच नाही. घसा आणि तोंड कसं हललं असेल याच्या सूचना तो पाठवतो, जास्तीत जास्त सेकंदाला १२,२०० बिटांत. पलीकडे त्या सूचनांवरून आवाज नव्याने घडवला जातो. मोडेमला ना घसा, ना तोंड. आणि १२,२०० च्या नळीतून २६,४०० जाणार तरी कसे? फायबरवरच्या फोनमध्ये आवाज न दाबता पाठवला, तरी तो वीस-वीस मिलिसेकंदांच्या पुड्यांत जातो. एखादी पुडी हरवली तर आपला कान ते सावरून घेतो, मोडेमची रांगोळी मोडते.

विजेबद्दल सांगायलाच हवं. माझा पहिला मोडेम रोहिणीच्या पावसात जळाला. शेजारच्या काकूंनी कारण काढलं, घरात पायाळू लेकरू आहे, वीज त्याच्यामागं येते. मला तेव्हा फार वाईट वाटलं आणि आजही वाटतं. मूल पायाकडून जन्मलं की डोक्याकडून, हे आकाशातल्या विद्युतभाराला कळायचं काहीच साधन नाही. वीज दूर कुठेतरी पडली, तरी खांबांवरून गेलेल्या लांबलचक तारेत तिच्यामुळे क्षणभर मोठा दाब उसळतो, आणि तो तारेच्या टोकाला असलेल्या मोडेमवर येऊन आदळतो. काच वीज वाहून नेत नाही, म्हणून काचेच्या तंतूतून असा तडाखा घरात येत नाही. त्या समजुतीपायी पायाळू पोराला लोक टाळतात आणि स्वतः मात्र उघड्या रानातल्या झाडाखाली उभे राहतात. आपल्याकडे दरवर्षी माणसं मरतात ती तिथे. मी आता ढग दाटले, की भिंतीतून टेलिफोनची पिन काढून खिळ्याला अडकवतो.

जोडणी झाली तरी काम संपत नाही. ब्रॉडबँड गेलं हे संगणकाला कळायचं कसं? राउटरवरचा लॅनचा दिवा तर जळतच असतो, कारण संगणक ते राउटर ही वायर धडधाकट असते. म्हणून दर मिनिटाला लांबच्या एखाद्या यंत्राला हाक मारायची, आणि लागोपाठ तीन हाकांना उत्तर आलं नाही तरच मोडेमने नंबर फिरवायचा. संगणकाचे अपडेट आणि फोटोंची पाठवापाठवी मोडेमवर असताना बंद ठेवायची, नाहीतर ती सगळी लाइन गिळून टाकतात. दोन्ही लाइनींवरचं कॉल वेटिंगही काढायचं. त्याच्या एका टिकटिकीने जोडणी तुटते.

आठ बिटांचा एक बाइट, म्हणून २६,४०० बिट म्हणजे सेकंदाला ३३०० बाइट, वरखर्च जाता तीन हजार. दोन मेगाबाइटचं एखादं वेबपान उघडायला अकरा मिनिटं लागतील. व्हिडिओचं नाव नको. पण अक्षरं जातात. युनिकोडच्या यूटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, ‘सोयाबीन’ या शब्दाची सात चिन्हं, एकवीस बाइट. हजार चिन्हांचं पत्र एका सेकंदात. शिवाय देवनागरीच्या त्या तीन बाइटांतला पहिला नेहमी तोच असतो, आणि दुसरा दोनांपैकी एक. मोडेमच्या आत व्ही.४२बिस नावाची आवळून बांधायची सोय असते, ती अशी पुनरावृत्ती चांगलीच दाबते. मराठी मजकूर त्यामुळे हिशेबापेक्षा लवकर पोचतो.

मेहुण्याशी ठरलंय, दुकानाची लाइन रात्री आठनंतरच वापरायची. दिवसा शेतकऱ्यांचे फोन येतात. फायबर परत तुटली त्या रात्री आठ वाजून पाच मिनिटांनी मोडेमने आपण होऊन नंबर फिरवला. शिट्टी, एकवीस सूर, खरखराट, मग शांतता. पहिली मेल आली ती दुकानातूनच, दिवसभराच्या सोयाबीनच्या भावाची. चार ओळी होत्या.