इन्चार्ज झालात, आता बातमी उशिरा पोहोचेल

वर्षाचे अप्रेझल उरकले की बडोद्याच्या मकरपुरा, नंदेसरी, रणोली या पट्ट्यांतल्या कारखान्यांत बढतीची पत्रं हातात पडतात. काल रिॲक्टरशेजारी उभी राहून सॅम्पल काढणारी केमिस्ट शिफ्ट इन्चार्ज होते. मशीन शॉपमधला सगळ्यात हुशार फिटर सुपरवायझर होतो. दांडिया बाजारातल्या घरी पेढे वाटले जातात आणि सोमवारी कामावर गेल्यावर लक्षात येतं, की ज्या कामाने ही बढती मिळवून दिली ते काम आता आपल्याकडे राहिलेलंच नाही. नवं काम नेमकं काय, हे मात्र पत्रात लिहिलेलं नसतं.

ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू या तीन अर्थतज्ज्ञांनी २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १३१ अमेरिकी कंपन्यांतल्या हजारो विक्री कर्मचाऱ्यांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. सगळ्यात जास्त विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त होती. यात नवल काहीच नाही. पण बढतीनंतर त्यांच्या हाताखालच्या लोकांची कामगिरी पाहिली, तर जितका मोठा विक्रेता तितका तो साहेब म्हणून डावा ठरत होता. चांगले साहेब कोण निघाले? जे आधीपासून इतरांबरोबर मिळून सौदे करत होते आणि श्रेय वाटून घेत होते, ते. बढती देताना मात्र या गुणाला फारसं वजन दिलं जात नव्हतं.

साहेब चांगला असण्याने किती फरक पडतो, याचंही एक मोजमाप आहे. एडवर्ड लाझिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मोठ्या सेवा कंपनीतल्या सुमारे दोन हजार वरिष्ठांचा अभ्यास करून २०१५ मध्ये मांडलं, की तळाच्या दहा टक्क्यांतला साहेब काढून वरच्या दहा टक्क्यांतला आणला, तर नऊ जणांच्या गटात एक जास्तीचा माणूस घेतल्याइतकं काम वाढतं. नव्या इन्चार्जच्या वागण्यावर एवढं काही अवलंबून असेल, तर त्याला शिकायला वेळ मिळायला नको का?

बडोद्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला बारा वर्षांचा गोपाळराव १८७५ मध्ये दत्तक आला आणि सयाजीराव झाला. डिसेंबर १८८१ मध्ये त्याच्या हाती पूर्ण अधिकार आले. मधली सहा वर्षं शिकण्यात गेली. अधिकार मिळण्याआधीच्या काळात दिवाण टी. माधवराव यांनी या तरुण महाराजांना राज्यकारभारावर व्याख्यानं दिली, ती पुढे छापलीही गेली. राज्य चालवण्यापूर्वी राज्य चालवायला शिकावं लागतं, हे तेव्हाच्या बडोद्यात गृहीत होतं. आजचे बरेच कारखाने नव्या सुपरवायझरला जास्तीत जास्त दोन दिवसांचं ट्रेनिंग आणि एक फोल्डर देतात. हे मला मनापासून चुकीचं वाटतं, कारण त्याची किंमत त्याच्याबरोबर खालच्या माणसांनाही मोजावी लागते.

मग या नव्या कामात शिकायचं काय? माझ्या मते सगळ्यात आधी एक गोष्ट शिकायची. खुर्ची बदलली की माहिती तुमच्यापर्यंत येण्याचा रस्ता बदलतो. काल चहाच्या टपरीवर जे सहज कानावर पडत होतं, ते आज पडणार नाही. तुम्ही तेच आहात, पण समोरच्याची वेतनवाढ, रजा आणि ओव्हरटाइम आता तुमच्या सहीवर आहे.

वाईट बातमी सांगायला माणूस कचरतो, हे सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर यांनी १९७० मध्ये प्रयोगांतून दाखवलं. एखाद्याला घरून फोन आल्याचा निरोप द्यायचा होता. निरोप चांगल्या बातमीचा असला की विद्यार्थी तो सगळा सांगत, वाईट बातमीचा असला की तपशील गाळत. आणि त्या वाईट बातमीत सांगणाऱ्याचा काहीही दोष नव्हता. मग पंपाचं सील आपल्याच शिफ्टमध्ये गेलं असेल, तर ऑपरेटर किती मोकळेपणाने सांगेल?

याची सगळ्यात भयंकर किंमत २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरच्या टेनेरिफ विमानतळावर मोजली गेली. दाट धुकं होतं. केएलएमच्या जंबो विमानाने उड्डाणासाठी धाव घेतली, तेव्हा पॅन ॲमचं दुसरं जंबो त्याच धावपट्टीवर होतं. केएलएमच्या फ्लाइट इंजिनियरला शंका आली आणि ते विमान बाजूला झालं नाही का, असं त्याने विचारलंही. झालंय, असं कॅप्टनने ठामपणे सांगितलं. हा कॅप्टन त्या कंपनीतला नावाजलेला वैमानिक, इतर वैमानिकांना शिकवणारा. पुन्हा कोणी विचारलं नाही. ५८३ माणसं मेली. या अपघातामागे धुकं होतं, रेडिओवर एकमेकांत मिसळलेले संदेश होते, अशी बरीच कारणं होती. पण कॉकपिटमध्ये योग्य शंका वेळेवर उच्चारली गेली होती आणि तरी ती विरून गेली, ही गोष्ट विमान वाहतुकीच्या जगाने मनावर घेतली. १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि त्यातून वैमानिकांच्या प्रशिक्षणाची एक नवी पद्धत उभी राहिली. त्यात कनिष्ठाला ठामपणे बोलायला शिकवतात. कॅप्टनला विचारायला आणि ऐकायला शिकवतात. दुसरं पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे, कारण वरचा ऐकत नसेल तर खालच्याचं धाडस एकदाच टिकतं.

रुग्णालयांतला एक अभ्यास मला यापेक्षाही जास्त शिकवून जातो. एमी एडमंडसन तेव्हा हार्वर्डमध्ये संशोधन करत होत्या. दोन रुग्णालयांतल्या आठ विभागांत औषध देण्यात होणाऱ्या चुका मोजायच्या आणि चांगल्या गटांत चुका कमी होतात का हे पाहायचं, असा बेत होता. आकडे उलटे आले. ज्या विभागांत मुख्य परिचारिका चांगली आणि गट एकजुटीचा, तिथे चुकांच्या नोंदी जास्त होत्या. उलगडा असा झाला, की त्या विभागांत चुका बोलल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या दडपल्या जात होत्या, म्हणून आकडा छोटा दिसत होता. १९९६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तीन वर्षांनी एका उत्पादक कंपनीतल्या ५१ गटांवर त्यांनी काम केलं. बोललो तर अपमान होणार नाही, असा भरवसा जिथे होता ते गट जास्त शिकत होते, असं त्यात दिसलं.

म्हणून नव्या इन्चार्जने पहिल्या महिन्यात लॉगबुकातली ‘नॉर्मल’ची रांग पाहून खूश होऊ नये. सगळं नॉर्मल आहे की सगळं लपलेलं आहे, हे आधी शोधावं.

ते शोधायचं कसं? प्रश्न बदलून. शिफ्ट बदलतानाच्या हँडओव्हरला ‘सगळं बरोबर ना?’ असं विचारलं की ‘हो साहेब’ हेच उत्तर येतं, कारण प्रश्नातच ते दिलेलं असतं. ‘आज कुठल्या बॅचमध्ये काही वेगळं जाणवलं?’ असं विचारून पाहा. किंवा ‘पुढच्या शिफ्टला कशाकडे लक्ष ठेवायला सांगू?’ यावर काहीतरी खरं बोलावं लागतं. आधी सगळ्यात नवा हेल्पर, मग ऑपरेटर, मग केमिस्ट असा क्रम ठेवावा आणि इन्चार्जने शेवटी बोलावं. इन्चार्ज आधी बोलला की उरलेले त्याचंच म्हणणं पुढे नेतात.

आणि वाईट बातमी येईल तेव्हा तुमच्या तोंडून निघणाऱ्या पहिल्या वाक्याकडे सगळे कान लावून असतात. ‘कोणी केलं?’ हे पहिलं वाक्य असेल तर पुढची बातमी तुम्हाला क्यूसीच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या रिपोर्टमधूनच कळेल. ‘बरं झालं आत्ताच सांगितलंत, आता तापमान किती आहे?’ असं म्हणावं आणि आधी बॅच सावरावी. कारण शोधायला नंतर वेळ आहे. याचा अर्थ सगळं माफ असा मुळीच नाही. कोणी जाणूनबुजून इंटरलॉक, म्हणजे धोका दिसताच यंत्र थांबवणारी यंत्रणा, बायपास केला किंवा परमिटशिवाय टाकीत उतरला, तर कारवाई झालीच पाहिजे, आणि ती कशावर होईल हे सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात माहीत असलं पाहिजे. नकळत झालेली चूक आणि जाणूनबुजून मोडलेला नियम यांना एकाच दंडाने मोजलं, की चुका पुन्हा लपायला लागतात.

बडोद्यात यात आणखी एक पदर आहे आणि तो वरच्या परदेशी अभ्यासांत सापडणार नाही. आपल्या कारखान्यांत ऑपरेटर गुजराती, हेल्पर उत्तर प्रदेश-बिहारचे आणि केमिस्ट किंवा इंजिनियरांत दोन-तीन मराठी घरचे, असा मेळ सर्रास दिसतो. मराठी इन्चार्ज आणि मराठी केमिस्ट प्लँटवर मराठीत बोलू लागले की मनात काही नसतानाही बाकीचे दोन पावलं मागे सरतात. आतलं काहीतरी ठरतंय, असं त्यांना वाटतं. कामाचं प्रत्येक वाक्य गुजरातीत किंवा हिंदीत, सगळ्यांदेखत बोलावं. मराठी गप्पा जेवणाच्या सुट्टीत. गणपतीच्या मंडपात ज्याच्याबरोबर रात्री जागवल्या तो मित्रच आता हाताखाली असेल, तर त्याच्याशी पहिल्याच आठवड्यात एकट्याने बसून बोलावं. शिफ्ट वाटताना, रजा देताना तुला वेगळं काही मिळणार नाही, हे त्याला तुमच्याच तोंडून कळू दे.

कुशल माणसाची दुसरी अडचण समजावून सांगण्यात आहे. स्टॅनफर्डमध्ये १९९० साली एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला. एकाने ओळखीच्या गाण्याचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखली जातील. १२० गाण्यांपैकी ओळखली गेली तीन. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल चालू असते, ऐकणाऱ्यापर्यंत नुसती टकटक पोहोचते. दहा वर्षं रिॲक्टर चालवलेला माणूस ‘फेस यायला लागला की फीड जरा कमी कर’ असं सांगतो, तेव्हा किती फेस आणि किती कमी, हे त्याच्या हाताला ठाऊक असतं. नव्या मुलाला नाही. त्यामुळे ‘समजलं का?’ हा प्रश्न सोडून द्यावा आणि ‘आता तू काय काय करशील, मला सांग’ असं म्हणावं. पोकळी लगेच दिसते. तो अडखळला की झडप स्वतःच्या हातात घेण्याचा मोह होतो, तो आवरावा. धोका असेल तर अर्थातच घ्यावी. नाहीतर अडचणीच्या प्रत्येक वेळी तुम्हीच लागता आणि रात्री दोनला फोनही तुम्हालाच येतो.

कामाबद्दल बोलायचं कसं, यावर अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये जुने शेकडो निष्कर्ष एकत्र करून पाहिले. अभिप्रायाने सरासरी कामगिरी सुधारते, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा ती घसरते, असं निघालं. त्यांच्या मते लक्ष कामावरून उडून स्वतःच्या प्रतिमेवर गेलं की घसरण होते. ‘तू निष्काळजी आहेस’ हे ऐकणारा माणूस पुढचा तासभर मनातल्या मनात तुमच्याशी भांडत राहतो. ‘गेल्या तीन बॅचमध्ये पीएचची नोंद अर्धा तास उशिरा आहे, काय अडचण येते?’ यावर तो पीएचचा विचार करतो. कदाचित मीटर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि जिना चढायला माणूस सुटत नाही, हेही कळेल.

हे सगळं परक्या देशातलं, आपल्या शेडमध्ये चालणार नाही, अशी शंका येऊ शकते. बडोद्याहून मुंबईकडे जाताना उंबरगाव लागतं. तिथल्या आणि तारापूरच्या कापड कारखान्यांत निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २००८ पासून प्रयोग केला. १७ कंपन्या, २८ कारखाने. काहींना पाच महिने सल्लागार दिले, काहींना फक्त महिनाभराची तपासणी. सल्लागारांनी बसवलेल्या गोष्टी ऐकायला अगदी साध्या होत्या: कापडातले दोष रोज नोंदवायचे, मागांच्या देखभालीची वही ठेवायची, सुताचा साठा नीट लावायचा, रोज बसून त्या नोंदींवर बोलायचं. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. माहिती नियमाने वर येऊ लागली तसे मालकही काही निर्णय खालच्या व्यवस्थापकांवर सोपवू लागले. आधी यातल्या बऱ्याच गोष्टी मालकाच्या होकारावाचून हलत नव्हत्या.

आठ-नऊ वर्षांनी संशोधक त्याच कारखान्यांत परत गेले. बसवलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सुटल्या होत्या, तरीही हे कारखाने इतरांच्या पुढेच होते. पद्धती सुटण्याच्या कारणांत एक ठळक कारण होतं प्लँट मॅनेजर बदलणं. माणूस गेला आणि त्याने लावलेली सवय त्याच्याबरोबर गेली. म्हणून तुमची हँडओव्हरची बैठक जरा रुळली, की आठवड्यातून एक दिवस ती दुसऱ्या कोणाला तरी चालवू द्या. दर वेळी त्याच हुशार माणसाला नको, आळीपाळीने. तुम्ही त्या दिवशी मागे उभे राहा आणि तुमचीही पाळी आली की कालच्या शिफ्टमध्ये काय वेगळं जाणवलं ते सांगा.