एनडीएवर सही करताय? आधी आपलं नाव कुठं येणार ते बघा

सोलापुरात एमएस्सी, फार्मसी, टेक्स्टाईलची पोरं टॉवेलच्या कारखान्यात, डाईंग युनिटमध्ये नाहीतर एखाद्या लॅबमध्ये प्रोजेक्टला जातात आणि पहिल्याच दिवशी हातात कागद येतो, "सही कर, फॉर्मॅलिटी आहे". हाच तो गोपनीयता करार, म्हणजे एनडीए. मी पण स्कूटीच्या सीटवर ठेवून न वाचता सही ठोकली होती, सेमिनारला रंग किती टिकतो त्याचा ग्राफ दाखवायची वेळ आली तेव्हा कळलं की ग्राफच करारात अडकलाय.

सही कोण करू शकतं? वय 18 पूर्ण पाहिजे, 1872 च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टप्रमाणे त्याखालच्याचा करार चालत नाही. कागदपत्रं साधीच, कॉलेजचं आयडी, बोनाफाईड, आधारची झेरॉक्स, गाईडचं पत्र आणि एका पानाचा सिनॉप्सिस. गाईडला न दाखवता सही करू नका, कॉलेजचं यंत्र, कॉलेजचा डेटा वापरणार असाल तर कॉलेजची पण सही लागते.

आता खरं बघायचं ते हे. गुपित नेमकं कशाला म्हटलंय? "सर्व माहिती" लिहिलं असेल तर ते खोडून "रंगाची रेसिपी व ग्राहकांची यादी" असं नेमकं लिहून घ्या. किती वर्षं? थिसिस, व्हायवा, पेपरला सूट आहे का? कंपनीला पेपर आधी वाचायचा असेल तर वाचू दे, पण 30 दिवसांत उत्तर द्यायचं अशी मुदत टाका, नाहीतर डिग्री लटकते.

आणि क्रेडिट. एनडीए माहिती झाकतो, तुमचं नाव नाही, हे लई जणांना माहीतच नसतं. पेपरमध्ये लेखकांच्या यादीत कोण कितवा ते काम सुरू होतानाच गाईडला मेल करून ठरवा, तोंडी नको. लॅब नोटबुकवर रोज तारीख टाका, ओआरसीआयडीचा, म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा, 16 अंकी नंबर काढा, फुकट आहे.

पेटंट होणार असेल तर पेपर आधी छापू नका, नावीन्य जातं. पेटंटच्या अर्जात, म्हणजे फॉर्म 1 मध्ये, शोध लावणाऱ्यांची नावं असतात, तिथं आपलं आहे का बघा. राहिलं असेल तर फॉर्म 8 भरून मागता येतं, पण पेटंट मंजूर व्हायच्या आत. नाव आलं म्हणजे मालकी आली असं मात्र नाही हां, पैशाचं वेगळं लिहून घ्यावं लागतं.

सही झाली की कॉपी तिथंच मागा, "नंतर देतो" म्हणाले तर मोबाईलवर सगळ्या पानांचे फोटो काढा, शेवटच्या सहीच्या पानाचा एकट्याचा नाही.