राखेची वीट की एएसी ब्लॉक? कंपाउंडच्या भिंतीपुरता हिशेब

इंदूर बायपासच्या पलीकडे ताईचा प्लॉट आहे. तिथे कंपाउंडचा माल उतरला तेव्हा मी हजर होतो. मागवल्या होत्या राखेच्या विटा, आणि ट्रकमधून निघाले उशीएवढे पांढुरके ठोकळे, म्हणजे एएसी (ऑटोक्लेव्ह्ड एरेटेड काँक्रीट) ब्लॉक. ड्रायव्हर म्हणाला, "भिया, दोनों राख के ही तो हैं." खोटं बोलत नव्हता बिचारा. सगळा घोळ त्या एका वाक्यात आहे.

राख दोन्हींत असते, कोळशावरच्या वीज केंद्रांतली. आपल्याकडे तिची ददात नाही: खंडवा जिल्ह्यात श्री सिंगाजी, खरगोन जिल्ह्यात एनटीपीसी. पण राखेची वीट म्हणजे राख, दगडाची भुकटी आणि सिमेंट (किंवा चुना-जिप्सम) साच्यात दाबून, पाणी मारून पिकवलेली भरीव वीट. भट्टीचं काम नाही. एएसी ब्लॉकमध्ये राख, सिमेंट, चुना, जिप्सम यांच्या लगद्यात चिमूटभर अ‍ॅल्युमिनियमची पावडर पडते. त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि लगदा ढोकळ्यासारखा फुगतो. मग तारेने कापून बंद टाकीत, दाबाखालच्या वाफेवर शिजवतात. आत सगळी जाळीच जाळी.

ओळख पटवायची तर तुकडा पाण्याच्या बादलीत टाका. विटेचा तुकडा तळ गाठतो, एएसीचा तरंगतो. आम्ही तिथेच टाकून पाहिला. ताईचा नातू तो तासभर बुडवत बसला होता आणि तुकडा पुन्हा पुन्हा वर येत होता. एएसीचा घनमीटर साधारण 600 किलो भरतो, त्याच मापाचं पाणी 1,000 किलो, तरंगणारच. (गिट्टी-सिमेंटचा ठोकळा हे तिसरंच प्रकरण. तोही बुडतो, आणि उचलताना कंबर सांगते की हा एएसी नव्हे.)

आता हलकेपणाचं. चार मजली इमारतीत एएसी घेतात ते बरोबरच आहे. भिंती हलक्या, म्हणून बीम-कॉलमवर भार कमी, म्हणून लोखंड कमी. शिवाय उन्हाळ्यात खोली जरा कमी तापते. पण कंपाउंडची भिंत कुठल्या स्लॅबवर उभी आहे? आणि ती थंड राहून कोणाला गारवा देणार, रस्त्याला? मोकळ्यावर उभी भिंत वाऱ्याला आणि धक्क्याला तोंड देते ती बरीचशी स्वतःच्या वजनावर. 9 इंची विटेच्या भिंतीचा चौरस मीटर 400 किलोच्या आसपास जातो, 8 इंची एएसीचा प्लास्टर सोडून सव्वाशे-दीडशे. म्हणजे इमारतीत ज्या गुणासाठी एएसी घ्यायचा, तोच इथे उणा पडतो. मग भरपाई म्हणून कॉलम जवळ-जवळ घ्या, वर आरसीसीची पट्टी बांधा.

त्यात आपली माळव्याची जमीन. 'डग डग रोटी, पग पग नीर' हे शेताला ठीक, पण पावसाळ्यात फुगणारी आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी काळी माती कंपाउंडला वैरीण आहे. फुगताना ती हलक्या बांधकामाला जास्त सहज उचलते. वीट घ्या वा ब्लॉक, काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत खाली जा, कॉलम तिथे टेकवा आणि वर प्लिंथ बीम (भिंतीखालचा आडवा आरसीसी बीम) टाका. हा खर्च दोन्हीकडे सारखा, आणि नेमका इथेच लोक हात आखडतात.

पाण्याचा मुद्दा त्याहून थोडक्यात: एएसी जमिनीखाली लावायचा नाही, जमिनीवरही दोन्ही बाजूंनी प्लास्टर हवंच, माथ्यावर पाणी झटकणारी कोपिंग हवी. राखेची वीट नीट घडवलेली असेल तर नुसतं पॉइंटिंग (विटांमधले सांधे सिमेंटने भरणं) करूनही चालते.

पैशाचा हिशेब करताना नगाचे भाव शेजारी ठेवलेत की फसलात. ताईची समोरची बाजू 60 फूट, उंची 5 फूट, म्हणजे 300 चौरस फूट. 230×110×75 मिलिमीटरच्या विटेने 9 इंची भिंत धरली तर 2,700 ते 2,750 विटा लागतात, फूटतूट धरून 2,850. 600×200×200 चे ब्लॉक लागतात 230 च्या आसपास. एका ब्लॉकला बारा विटा, हे एक गणित लक्षात ठेवा: ब्लॉकचा भाव विटेच्या बारापटीहून कमी असेल तर निव्वळ मालात ब्लॉक स्वस्त. विटेला शिवाय सात-आठ पोती सिमेंट आणि रेती जोडाईत जाते. ब्लॉकला पातळ थराचं तयार मिश्रण लागतं, आणि मिस्त्रीचे दिवसही वाचतात. इथवर ब्लॉक पुढे असतो. मग दोन्ही बाजूंचं 600 चौरस फूट प्लास्टर येतं आणि पारडं फिरतं.

आणखी एक सापळा. ठेकेदार कोटेशन देतो तेव्हा विटेचं 9 इंची आणि ब्लॉकचं 4 इंची असं देतो, अन् म्हणतो बघा किती फरक! कॉलमच्या मध्ये 4 इंची भिंत चालत असेल तर विटेचीही 4 इंची लावून बघा. विटा निम्म्यावर येतात. 4 इंची ब्लॉकची बरोबरी मग सहा विटांशी करायची.

विटेतही डावं-उजवं असतंच. काही ठिकाणी पुरतं पाणी न मारता कच्चा माल गाडीत भरतात. दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत वाजल्या पाहिजेत. कोपरा नखाने झडला तर परत पाठवा. आणि एक वीट स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, दिवसभर पाण्यात ठेवून पुन्हा तोला. 2,800 ग्रॅमची वीट 560 ग्रॅमहून जास्त पाणी प्यायली तर ती 20 टक्क्यांच्या मर्यादेबाहेर गेली.

एएसी कंपाउंडला कधीच नको, असं मी म्हणणार नाही. खाली भक्कम प्लिंथ बीम आहे, कॉलम झालेले आहेत, प्लास्टर करायचंच आहे आणि काम महिन्याच्या आत उरकायचं आहे, तर जरूर लावा. फक्त फाटकाची बिजागरी ब्लॉकमध्ये ठोकू नका, ती कॉलमलाच.

ताईने ब्लॉक परत पाठवले नाहीत. भाड्यातच जीव गेला असता. वरच्या मजल्यावर जिजाजींना पश्चिमेकडे एक खोली काढायची होतीच, तिच्या भिंतींना ते सगळे लागले. कंपाउंडसाठी विटांचा ट्रक चौथ्या दिवशी आला. या वेळी ताई गेटपाशी बादली भरूनच उभी होती.