प्लूटोच्या आधी सेरेस गेला

२००६च्या आधी शाळा केलेल्या कुठल्याही मुंबईकराला विचारा, ग्रह किती? आधी ‘नऊ’ निघतं, मग सावरून ‘आठ’. आणि लगेच ‘बिचारा प्लूटो!’

ग्रहपद जाण्याचा प्रकार प्लूटोच्याच नशिबी आला असं मात्र नाही. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेत पियाझ्झीला मंगळ आणि गुरूच्या मध्ये सेरेस सापडला, आणि तो ग्रह म्हणून मिरवू लागला. पाठोपाठ पॅलस, जुनो, व्हेस्टा; तेही ग्रहच. १८४५ नंतर तिथे नव्या पिंडांची रीघ लागली, तेव्हा या सगळ्यांची रवानगी लघुग्रहांत झाली. सेरेससाठी कोणी हळहळल्याचं ऐकिवात नाही!

प्लूटोची गोष्ट तशीच. १९३०मध्ये क्लाइड टॉमबॉने तो शोधला तेव्हा नेपच्यूनपलीकडे तो एकटाच वाटत होता. १९९२पासून तिथे बर्फाळ पिंड सापडत गेले आणि २००५मध्ये एरिस जाहीर झाला. आकाराने जवळपास प्लूटोएवढाच, वजनाने त्याहून भारी. प्लूटो ग्रह, तर मग एरिस का नाही?

ऑगस्ट २००६मध्ये प्रागला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने व्याख्या केली. ग्रहाने सूर्याभोवती फिरावं, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल झालेलं असावं आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा. पहिल्या दोन अटी पाळून तिसरीत अडकला आणि कोणाचा उपग्रह नसला, तर तो बटुग्रह. प्लूटो, एरिस आणि सेरेस यातच बसले. सेरेसचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून रस्त्याने बंगळूर गाठण्याइतका. तेवढ्यात तो गोल झालाय. सव्वापाचशे किलोमीटरच्या व्हेस्टाला ते नीटसं जमलेलं नाही.

खरा वाद तिसऱ्या अटीचा. पृथ्वीच्या वाटेतही लघुग्रह येतात की! येतात, पण खगोलशास्त्रज्ञ स्टीव्हन सोटर यांच्या हिशेबाने पृथ्वीचं वस्तुमान तिच्या कक्षेच्या पट्ट्यातल्या इतर सगळ्या मालापेक्षा सुमारे १७ लाख पट आहे. प्लूटोचं त्याच्या पट्ट्यातल्या बाकीच्यांच्या दहा टक्केसुद्धा भरत नाही. बरं, प्लूटो नेपच्यूनची कक्षा ओलांडतो, मग नेपच्यून कसा पास? कारण नेपच्यूनने त्याला आपल्या तालावर धरलंय. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात प्लूटोच्या बरोबर दोन, त्यामुळे दोघं कधी जवळ येतच नाहीत. इथे मालक कोण हे उघड आहे, आणि म्हणूनच मला ही अट पटते.

व्याख्येत ‘सूर्याभोवती’ असं लिहून ठेवल्यामुळे दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे हजारो ग्रह तिच्या बाहेर राहिले, ही मात्र ढिलाईच. शिवाय २०१५मध्ये ‘न्यू होरायझन्स’ यानाने प्लूटोवर नायट्रोजनच्या बर्फाचं मैदान आणि पाण्याच्या बर्फाचे डोंगर दाखवले, तेव्हापासून ‘एवढा घडामोडींचा पिंड ग्रह का नाही?’ असं म्हणणाऱ्यांना जोर आलाय.

प्लूटो पाहायला मोठी दुर्बीण लागते. सेरेस मात्र आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला आला की बायनॉक्युलरमधूनही सापडतो. मुंबईच्या उजेडात तो शोधणं जिकिरीचं, त्यापेक्षा वांगणी-कर्जतकडे जावं. ताऱ्यांमध्ये तो वेगळा ओळखू येत नाही. ताऱ्यांचा नकाशा काढून ठेवायचा, दोन-तीन रात्रींनी पुन्हा बघायचं आणि जागा बदललेला ठिपका धरायचा. पियाझ्झीनेही त्याला असाच पकडला होता.