ऑस्टियाचे बंदर गाळाने कसे भरले?

रोमजवळच्या प्राचीन ऑस्टिया बंदराला ‘दुसरे पॉम्पेई’ म्हणण्याची चाल पडली आहे. परंतु पॉम्पेईसारखी ऑस्टियावर ना ज्वालामुखीची राख पडली, ना ते एका दिवसात संपले. टायबर नदीच्या मुखाशी वसलेल्या या शहरापासून किनारा आज सुमारे ३ किलोमीटर दूर गेला आहे. अशा शहरांच्या नाशामागे देवाचा कोप असल्याचे सांगणारे संदेश नेहमी फिरतात. कोपाला एवढी शतके लागत नसावीत.

रोमन सेनापती अग्रिप्पाने बांधलेल्या आणि इसवी सन १९६ च्या सुमारास वाढवलेल्या तिथल्या नाट्यगृहात आजही उन्हाळ्यात प्रयोग होतात. रंगमंचाच्या मागे ओवऱ्यांचा प्रशस्त चौक असून त्यात सुमारे ६० लहान खोल्या होत्या. कार्थेज, नार्बोन, अलेक्झांड्रिया येथील जहाजवाल्यांची नावे खोल्यांपुढच्या काळ्या-पांढऱ्या खड्यांच्या फरशीत आहेत. उत्तर आफ्रिकेतल्या सब्राथा बंदराच्या जहाजवाल्यांनी तिथे हत्तीचे चित्र काढून घेतले आहे. एका चित्रात हमाल मातीचा उंच रांजण जहाजातून नदीतल्या होडीत नेताना दिसतो. मालाने भरलेली मोठी जहाजे नदीत शिरू शकत नसत, ती समुद्रातच नांगर टाकून माल होड्यांत उतरवत, असे प्राचीन भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो.

कारण गाळ. समुद्राला मिळताच नदीचा वेग मंदावतो आणि वाळू खाली बसते. चिकणमातीचे कण मात्र इतके सूक्ष्म असतात की केवळ वेग घटल्याने ते सहजी बसत नाहीत. त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असल्याने गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर लोटतात. खाऱ्या पाण्यातील सोडियम व मॅग्नेशियमचे धन आयन, म्हणजे धनभारित कण, हा भार झाकून टाकतात, त्यामुळे अपाकर्षणाची कक्षा आखडते, जवळ आलेले कण व्हान डर वाल्स आकर्षणाने, म्हणजे अगदी जवळ आल्यावरच जाणवणाऱ्या ओढीने, चिकटतात आणि लिंबू पिळलेल्या दुधासारख्या त्यांच्या गुठळ्या होतात. एकट्या कणाच्या तुलनेत गुठळी कितीतरी वेगाने तळ गाठते. त्यात भूमध्य समुद्राची भरती-ओहोटी इथे अर्ध्या मीटरच्याही आत असते. मुंबईच्या उधाणाचे ४ मीटरहून अधिक पाणी जो गाळ ढवळून काढते, तो तिथे जागीच राहतो. अर्थात, तेवढ्या भरतीनेही आपल्या खाड्या गाळापासून वाचत नाहीत.

रोमन सम्राट क्लॉडियसने इसवी सन ४२ मध्ये उत्तरेला कृत्रिम बंदर आरंभले, पुढे सम्राट ट्राजनने त्याला षटकोनी गोदी जोडली. कालांतराने तीही जमिनीने वेढली गेली, आणि १५५७ च्या पुरात टायबरने ऑस्टियाजवळचे आपले वळणच सोडून दिले.