भरतीच्या आधीची उंची

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. त्यामुळे खानापूर, निपाणीकडच्या कित्येक घरांत पोराची उंची पहिल्यांदा नीट मोजली जाते ती भरतीला. तोवर ‘बापावर गेलाय’, ‘उशिरा अंग काढेल’ यावर भागतं. पोरीची उंची तर स्थळं बघायला लागल्यावरच आठवते. भरतीचं किमान वय साडेसतरा. तोपर्यंत लांब हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची कूर्चा, म्हणजे मऊ लवचीक हाड, बहुधा मिटत आलेली असते, आणि ती मिटली की कुठल्याही इंजेक्शनाने उंची वाढत नाही. जाहिरातीतल्या पावडरींचं तर नावच नको.

उंचीच्या इंजेक्शनाचा इतिहासही फार जुना नाही. जनावरांचं वाढीचं संप्रेरक (हार्मोन) माणसाला लागू पडत नाही, म्हणून ते मृतदेहांच्या मेंदूतळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथींतून काढावं लागे. १९५८मध्ये डॉक्टर मॉरिस रेबेन यांनी बोस्टनमध्ये त्याने एका मुलाची उंची वाढल्याचं नोंदवलं. पुढं पंचवीसेक वर्षं हाच उपाय होता, तोही तुटपुंजा. १९८५मध्ये कळलं की हे औषध घेतलेले काही तरुण क्रॉइट्सफेल्ट-याकोब या मेंदूच्या असाध्य रोगाने दगावले. ते बंद झालं आणि त्याच वर्षी जनुकीय तंत्राने बनवलेलं संप्रेरक अमेरिकेत मंजूर झालं. तुटवडा संपला, किंमत मात्र शेतमजुराच्या आवाक्यात आली नाही.

पण प्रत्येक ठेंगणं मूल या इंजेक्शनाचं गिऱ्हाईक नसतं. कुणाचं थायरॉइड मंद असतं, तिथं रोजची स्वस्त गोळी पुरते. कुणाला गव्हाचं पचत नाही. मुलीत टर्नर सिंड्रोम, म्हणजे एक एक्स गुणसूत्र पूर्ण किंवा अर्धवट नसणं, असू शकतो. हातपाय आखूड आणि डोकं मोठं अशा अकॉन्ड्रोप्लेजियात संप्रेरकाची कमतरता नसतेच. त्यामागचा जनुकीय बदल १९९४मध्ये सापडला. अशा पाचातल्या चार मुलांचे आईबाप सर्वसाधारण उंचीचे असतात. तरी ‘ग्रहणात बाहेर पडली असेल’ म्हणत बोल आईलाच लावला जातो.

आपल्याकडच्या ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने वाढीचे सुधारित तक्ते काढले २०१५मध्ये. तक्ता वाचायला खरं वय लागतं, आणि शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून! मास्तरांनी प्रवेशाच्या सोयीने घातलेली ती तारीख डॉक्टरांच्या काय कामाची?

कायद्यालाही वेळ लागला. १९९५च्या अपंगत्व कायद्यात बुटकेपणा नव्हता. २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत तो आला. प्रौढाची उंची ४ फूट १० इंच, म्हणजे १४७ सें.मी. किंवा त्याहून कमी, ही त्यातली व्याख्या. वाढत्या मुलाला ती लावता येत नाही. चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सें.मी. वाढतं, दोन वाढदिवसांच्या मापांत ४ सें.मी.चाही फरक पडला नाही, तर भरतीची वाट न बघता बालरोगतज्ज्ञाकडे न्यावं.