तुमचा सुपरहिरो पडद्यावर आणायचाय? कोटेशन मागायच्या आधी हे वाचा

नमस्कार! गोव्यात फोंड्याला आमचं छोटं वर्कशॉप आहे, कॉश्च्युम, मास्क, प्रॉप्स आणि छोट्या एपिसोडचं शूटिंग ही कामं आम्ही करतो. केबल चॅनेलवाले येतात, वेब सिरीज करणारी पोरं येतात, स्वतःचं कॉमिक काढलेले आर्टिस्टही येतात, आणि जवळजवळ सगळेच मोबाईलवर कॉमिकचं एक पान उघडून म्हणतात, "पात्रांव, म्हाका अशेंच जाय", म्हणजे बॉस, मला अगदी असंच हवं. मग आम्ही खर्चाचा आकडा सांगतो आणि चहा गार होतो. म्हणून हे माहितीपत्रक.

मूळ भानगड अशी आहे की कॉमिकमध्ये सगळं एकाच भावात पडतं. चित्रकाराला चहा पिणारा माणूस काढायला एक चौकट लागते आणि पूल कोसळताना दाखवायलाही एकच चौकट लागते. आम्हाला चहावाला सीन अर्ध्या दिवसात होतो आणि पुलाच्या पैशात तुमची अख्खी सिरीज संपते. त्यामुळे पहिल्या मीटिंगला आम्ही कॉश्च्युमचं विचारत नाही, आम्ही विचारतो की तुमचा हिरो दर एपिसोडला नेमकं करतो काय, आणि त्यातलं काय काढलं तरी तो तोच राहील.

हे फक्त आपल्यासारख्या गरिबांचं दुखणं नाही हं. १९५२ साली सुपरमॅनची अमेरिकन टीव्ही सिरीज सुरू झाली तेव्हा उडण्याचे तेच ते शॉट्स पुन्हा पुन्हा वापरायचे, आणि क्लार्क केंट (साध्या वेशातला सुपरमॅन) न् त्याच्या पेपरातली पत्रकार लोइस एपिसोडमागून एपिसोड त्याच कपड्यांत दिसायचे, कारण ऑफिसचे चार-पाच एपिसोडचे सीन एकदमच उरकून टाकायचे. आणखी गंमत म्हणजे पहिले दोन सीझन ब्लॅक अँड व्हाइट होते, त्यात निळा-लाल सूट नीट उठून दिसेना म्हणून सेटवरचा सूट चक्क तपकिरी आणि करड्या रंगाचा होता! १९६६ च्या बॅटमॅन सिरीजमध्ये बॅटमॅन-रॉबिनची जोडगोळी दोरी धरून भिंत चढायची ना, ते दोघं सपाट जमिनीवर वाकून चालायचे, कॅमेरा आडवा केलेला, आणि केप, म्हणजे पाठीवरचा झगा, लोंबतेय असं वाटावं म्हणून ती दोरीने ओढून धरलेली. ही युक्ती आजही चालते, आमच्याकडून करून घ्या, स्वस्तात होईल.

पण आम्हाला स्वतःला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो तो हल्क (१९७८ ते १९८२). कॉमिकमधला हल्क मैलभर उड्या मारतो, रणगाडे फेकतो. टीव्हीवर लू फेरिग्नो नावाचा खराखुरा बॉडीबिल्डर, अंगाला हिरवा रंग फासलेला, आणि तो साधारण एपिसोडमागे दोनदाच यायचा. बाकी वेळ बिल बिक्सबीने केलेला बॅनर, म्हणजे राग आला की ज्याचा हल्क होतो तो, नाव बदलून गावोगाव फिरणारा, मिळेल ते काम करणारा माणूस. सुपरव्हिलन नाहीत, त्याचा राग कधी सुटतो एवढीच धाकधूक. आता यात बजेट वाचलंच, पण त्याहून जास्त काय झालं तर लोक हल्कची नाही, बॅनरची काळजी करायला लागले. उलट ज्यांनी सगळ्या पॉवर्स दाखवायचा हट्ट धरला आणि मग कॉम्प्युटरवर कसेबसे ग्राफिक्स केले, त्यांचं काय होतं ते तुम्ही बघता, पोरं स्क्रीनशॉट काढून हसतात.

म्हणून नियम आधी ठरवा आणि कागदावर लिहा. 'स्मॉलविल' या तरुण सुपरमॅनच्या सिरीजवाल्यांनी २००१ मध्येच ठरवून टाकलं होतं, टाइट्स नाही, फ्लाइट्स नाही, म्हणजे अंगाला घट्ट सूट नाही आणि उडणं नाही, आणि दहा सीझन काढले. आपल्या दूरदर्शनवर १९९७ ला शक्तिमान आला तर गंगाधरचा शक्तिमान व्हायला एक गिरकी पुरायची, आणि ती बघून आख्ख्या देशातली पोरं अंगणात गरगर फिरत होती. रूप बदलणं दर एपिसोडला लागतं, तेव्हा ते एका हालचालीत बसवा.

मारामारीचं म्हणाल तर 'डेअरडेव्हिल' या सुपरहिरो सिरीजचा २०१५ चा दुसरा एपिसोड बघाच. एक अरुंद पॅसेज, काळे साधे कपडे, एक लांबलचक शॉट, आणि अर्धी मारामारी तर दारापलीकडे, आपल्याला नुसता आवाज येतो आणि माणूस बाहेर फेकला जातो. हिरोचा लाल सूट त्याला पहिल्या सीझनच्या शेवटच्या, म्हणजे तेराव्या एपिसोडलाच मिळतो. आपल्याकडे असले पॅसेज असलेली जुनी घरं कमी आहेत का? घरमालकाची परवानगी तेवढी लेखी आणा, आणि रस्त्यावर किंवा सरकारी जागेत शूटिंग असेल तर तिथली परवानगी वेगळी लागते, ती शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

आता मास्क. आमच्या वर्कशॉपमधली बरीच पोरं वाड्यावर दिवाळीला नरकासुराचे पुतळे करून तयार झालेली, हात सोन्याचा आहे त्यांचा. पण नरकासुर लांबून, रात्री, एकदाच बघायचा असतो आणि पहाटे जाळायचा असतो, मास्क मात्र क्लोजअपमध्ये, दुपारच्या उजेडात, घामाने भिजून महिनाभर टिकायला हवा. आम्ही ईव्हीए फोमची (हलक्या, रबरासारख्या फोमची) शीट कापतो, हीट गनने गरम करून वाकवतो, चिकटवायच्या सोल्युशनने जोडतो, सांधे भरून घासतो, मग प्रायमर, मग रंग. आणि दोन मास्क करतो, एक चेहऱ्याजवळच्या शॉटसाठी सुबक आणि एक मऊ, पडायला-झडायला. "दुसरा कशाला, खर्च वाढवताय" असं म्हणू नका, पहिला फुटला की शूटिंग बंद आणि सगळ्या युनिटचं जेवण तुमच्या खिशातून.

केपसाठी सॅटिन मागू नका. लाईटखाली ते इतकं चमकतं की हिरो लग्नाच्या मंडपातून पळून आल्यासारखा दिसतो. जाड, मळकट, न चमकणारं कापड घ्या, खाली कडेला थोडं वजन शिवतो, म्हणजे पंख्याच्या वाऱ्यात नीट झुलतं. लायक्रा सूटला पाठीमागे चेन असते, पण आम्ही आणखी एक चेन सोयीच्या जागी लावतो, का ते आर्टिस्टला तीन तासांनी कळतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन वगैरे दुसऱ्यांच्या मालकीचे आहेत. वाढदिवसाला, कार्निव्हलला घालायचा ड्रेस वेगळा, पण त्यांच्यावर सिरीज काढून जाहिराती घ्यायच्या म्हणाल तर हक्कांची लेखी परवानगी दाखवा, नाहीतर आम्ही काम घेत नाही. मित्राने काढलेलं कॉमिक असलं तरी मित्राकडून लिहून घ्या, सिरीज चालली की मैत्रीत कुरबुरी होतात.

येताना स्क्रिप्ट आणा, निदान पहिल्या दोन एपिसोडची. जो आर्टिस्ट सूट घालणार त्यालाच घेऊन या, फोटोवरून माप घेत नाही. निम्मे पैसे आगाऊ. जून ते सप्टेंबर बाहेरचं शूटिंग ठेवू नका, आणि पावसात सोल्युशन आणि रंग दोन्ही उशिरा सुकतात, त्यामुळे त्या महिन्यांत मास्कला आठवडाभर जास्त धरा.